प्रश्न शस्त्रक्रियेआधीचा, उत्तर नंतरचे

स्वादुपिंड हा जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेला अवयव. तिथला कर्करोग बराच काळ गप्प असतो. कावीळ, पाठदुखी किंवा वजनातील घट जाणवेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया करण्याजोगे रुग्ण शंभरात पंधरा-वीसच निघतात. शस्त्रक्रियाही मोठी. व्हिपल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. एवढे सोसून किती आयुष्य मिळेल, हा रुग्णाचा प्रश्न अगदी रास्त आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक नोमोग्राम प्रसिद्ध केला. हा आखलेल्या पट्ट्यांचा तक्ता असतो. प्रत्येक बाबीचे गुण पट्टीवर वाचायचे, बेरीज करायची, की एक, दोन व तीन वर्षे जगण्याची संभाव्यता मिळते. ५५५ रुग्णांच्या नोंदींवर तो बेतलेला आहे. सरासरी रुग्णाऐवजी समोरच्या माणसाविषयी बोलण्याचा हा प्रयत्न प्रामाणिक आहे, यात शंका नाही.

पण पट्ट्यांवरची नावे नीट वाचा. वय, पाठदुखी, वजनातील घट या गोष्टी आधी कळतात. किती लसिका ग्रंथी बाधित आहेत? कापलेल्या कडेवर कर्कपेशी राहिल्या का? प्लीहा काढावी लागली का? यांची उत्तरे शस्त्रक्रियेनंतरच मिळतात! शिवाय हे सर्व ५५५ जण शस्त्रक्रिया पार पडलेले. पोट उघडल्यावर गाठ काढता येत नाही असे दिसले, ते रुग्ण या हिशेबात नाहीत. लेखकांनी मथळ्यातच ही मर्यादा सांगितली आहे. हा तक्ता शस्त्रक्रियेआधी पुढे करणे ही वापरणाऱ्याची चूक.

त्याची अचूकता ०.६४ आहे. म्हणजे काय? वर्गातल्या मुलांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत कोणाला जास्त गुण मिळतील ते परीक्षेआधी लिहून ठेवा. शंभरपैकी ६४ जोड्या बरोबर आल्या तर ०.६४. नाणे उडवून ०.५ मिळतेच. प्रचलित अवस्था-वर्गीकरणाचा आकडा ०.५६ होता, त्यामानाने ही प्रगती खरी. पण एका माणसाचे भवितव्य सांगण्याइतकी नव्हे.

आधी हाती असते ते सीटी स्कॅन, रुग्णाची ताकद आणि रक्तातील सीए १९-९. हा शेवटचा पदार्थ मोठा फसवा. कावीळ असेल तर तो कर्करोगाविनाही वाढतो. उलट, लुईस रक्तगटाचे प्रतिजन नसलेल्या पाच ते दहा टक्के लोकांत तो जवळपास तयारच होत नाही. त्यांच्यात कमी आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. बर्कमेयर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील मेडिकेअर योजनेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. स्वादुपिंडाच्या अगदी मोजक्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर लवकर होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १६.३ टक्के, तर भरपूर करणाऱ्यांत ३.८ टक्के आढळले. चौपटीहून अधिक फरक! रुग्णालय कोणते, हे तर पोट उघडण्याआधीच ठाऊक असते. नोमोग्रामवर त्याची पट्टी नाही. एकाच केंद्राच्या नोंदींतून ती निघणारही नव्हती.