पाचवीची पूजा आणि कोसंबी

‘पाचवीला पुजलेले’ हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. पण पूजा पाचवीलाच का? बाळ जन्मल्यावर पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई पुजतात, जवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. देवी बाळाचे विधिलिखित लिहिते, अशी समजूत. प्राचीन इजिप्तमध्येही बेस व तावेरेत बाळ-बाळंतिणीला राखत आणि सात हाथोर नवजाताचे भविष्य सांगत.

गणिती दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का, याचा शोध पायी हिंडून घेतला. ही पद्धत अनुकरणीय आहे. मात्र त्यांचा भर स्थळावर आहे. तिथीही तितकीच बोलकी असते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास नवजाताचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत प्रकटतो. पाचवीच्या जागरणामागे हा अनुभव असावा, असा माझा तर्क आहे. भीती खरी होती, उपाय मात्र निरुपयोगी.

मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीत वाढलेल्या गाडगेबाबांनी नवसाचे बळी निषिद्ध मानले आणि हाती खराटा घेतला. मातेला लस व निर्जंतुक पाते यांमुळे २०१५ साली भारतात हा रोग दर जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी झाला. सटवाईला हसण्याऐवजी विद्यार्थ्यांना हे कारण शोधू द्यावे.