अचूक म्हणजे किती अचूक?

तोंडात एकही दात न उरलेल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची कृत्रिम दंतमुळे बसवताना हल्ली संगणकाची मदत घेतात. त्रिमितीय क्ष-किरण चित्रावरून जागा ठरते, त्याबरहुकूम छिद्रे असलेला साचा बनतो आणि त्या छिद्रांतून दंतवैद्य ड्रिल चालवतो. संगणकाने आखले म्हणजे तसूभरही चूक होणार नाही, असे आपण धरून चालतो. ताहमासेब आणि सहकाऱ्यांचा २०१८ सालचा आढावा हा समज दूर करतो; पण अर्धाच.

४७१ रुग्णांतील २,२३८ दंतमुळांवरून त्यांनी काढलेली सरासरी चूक अशी : हाडात शिरताना १.२ मिमी, टोकाशी १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंश. वर्गात फळ्यावर त्रिकोण काढून पाहा. १० मिमी लांबीचे मूळ ३.५ अंशांनी कलले, तर तेवढ्यानेच टोक सुमारे ०.६ मिमी सरकते. मग टोकाशी १.८ का नाही? कारण दोन्ही चुका दर वेळी एकाच दिशेने होत नाहीत. कधी त्या एकमेकींना खातातही!

निष्कर्ष असा, की बहुतेक वेळा ही अचूकता पुरेशी आहे, मात्र किमान २ मिमी अंतर राखावे. माझा आक्षेप इथे आहे. याच गटाच्या २०१४ सालच्या आढाव्यात टोकाशी कमाल चूक ७.१ मिमी नोंदली आहे. खालच्या जबड्यातल्या मज्जातंतूला इजा होऊन ज्याचा ओठ बधिर झाला, त्याला सरासरी काय कामाची?

शिवाय काही दात शिल्लक असलेल्यांपेक्षा पूर्ण दंतहीन रुग्णांत चूक जास्त होते, हे याच आढाव्यात दिसले आहे. कारण साधे आहे. दातांवर साचा घट्ट बसतो, हिरडीवर नाही. हिरडी दबते, भुलीच्या इंजेक्शनाने फुगते. सैल कवळी वापरणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे लागणार नाही. साचा पिनांनी हाडाला जखडतात खरा, पण आधीच सरकला असेल तर चूकही जखडली जाते. यात संगणकाचा काही दोष नाही.

नुसत्या हाताने केलेल्या कामापेक्षा साचा सरासरीने सरसच ठरतो, तेव्हा तो टाकून द्या असे मी म्हणत नाही. पण निष्कर्षात दोन्ही प्रकारच्या रुग्णांना २ मिमीचा एकच आकडा का? दंतहीनांसाठी तो वेगळा, कमाल चुकीसह द्यायला हवा होता.