पॅकेजांची यादी : एका रूढ सल्ल्याची तपासणी

संगणकावरील लिनक्सची एक जुळणी काढून दुसरी बसवायची ठरली की जाणकारांकडून एक सल्ला हमखास मिळतो. जुन्या जुळणीत बसवलेल्या सर्व पॅकेजांची यादी एका फाइलीत उतरवून घ्या, नवी जुळणी बसवा आणि ती यादी तिच्या हवाली करा. सारे पूर्ववत होईल. सल्ला दोन-तीन आज्ञांत मावणारा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. शाळेच्या संगणक कक्षात मात्र तो बराचसा फसतो. का फसतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

पॅकेज म्हणजे केवळ एखाद्या कार्यक्रमाच्या फाइली नव्हेत. त्यांच्यासोबत एक नाव असते, आवृत्ती असते, लागणाऱ्या इतर पॅकेजांची नोंद असते आणि बसवताना-काढताना चालणाऱ्या छोट्या आज्ञावली असतात. कार्यक्रम लिहिणारा वेगळा आणि या गोष्टी ठरवणारे वेगळे. त्या ठरवतात जुळणी, म्हणजेच डिस्ट्रिब्यूशन, तयार करणारे लोक. म्हणून अपाची हा एकच वेबसर्व्हर डेबियनमध्ये 'अपाची२' या नावाने मिळतो, तर फेडोरात 'एचटीटीपीडी' या नावाने. लिब्रेऑफिसचा मराठी भाषासंच डेबियनमध्ये 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर' असतो, फेडोरात 'लिब्रेऑफिस-लँगपॅक-एमआर'. शिवाय एकीकडची पॅकेजे डेब साच्यातली, दुसरीकडची आरपीएम साच्यातली. या दोन घराण्यांत यादी जशीच्या तशी चालणार नाही, हे सल्ला देणारेही मान्य करतात. एका घराण्यात तरी ती चालेल, असे त्यांचे म्हणणे असते.

मीही तसेच समजत होतो. एका शाळेतले जुने, चार जीबी स्मृतीचे संगणक फार मंद झाले होते. त्यांच्यावरची उबुंटू २२.०४ काढून हलक्या डेस्कटॉपसह डेबियन १२ बसवायचे ठरले. उबुंटूचा जन्मच २००४ साली डेबियनमधून झालेला, साचाही एकच. तेव्हा सुमारे अठराशे नावांची यादी निर्धास्तपणे उतरवून घेतली. नव्या प्रणालीने ती वाचताच 'हे पॅकेज माहीत नाही' अशा इशाऱ्यांनी पडदा भरून गेला. 'लँग्वेज-पॅक-एमआर' हे पॅकेज उबुंटूचे स्वतःचे. डेबियनकडे ते नाहीच. 'लिबआयसीयू७०' या ग्रंथालयाच्या नावातच आवृत्तीचा आकडा आहे आणि डेबियन १२ मध्ये तो ७२ झाला आहे.

जी नावे जुळली, त्यांनी वेगळाच घोळ केला. प्रणाली एरवी दोन प्रकारांत फरक करते : आपण मुद्दाम मागितलेली पॅकेजे, आणि त्यांच्या गरजेपोटी आपोआप आलेली. सरसकट यादी दिली की सगळीच 'मागितलेली' ठरतात आणि पुढे निरुपयोगी झालेली ग्रंथालये आपोआप साफ होत नाहीत. बदली झाली की आपण भांड्यांची यादी करतो, भिंतीतल्या विजेच्या तारांची करत नाही. येथे तारांचीही झाली होती.

सर्वांत जास्त ओरड झाली ती फायरफॉक्सची. उबुंटू २२.०४ मध्ये 'फायरफॉक्स' नावाचे डेब पॅकेज म्हणजे नुसती दिशादर्शक पाटी. खरा ब्राउझर स्नॅप या वेगळ्या साच्यात येतो. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्याचे नाव 'फायरफॉक्स-ईएसआर'. आम्ही घरफोल्डर जपून नेला होता, तरी शिक्षकांनी जमवलेल्या वाचनखुणा दिसेनात. त्या 'स्नॅप' नावाच्या फोल्डरात आत दडल्या होत्या आणि नवा ब्राउझर 'मोझिला'च्या लपलेल्या फोल्डरात शोधत होता. वाचनखुणा हाताने हलवून परत मिळाल्या, पण दोन दिवस कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता.

मग उबुंटूचेच भांडार डेबियनला जोडून टाका, असे एकाने सुचवले. हे मात्र करू नये. डेबियनच्या स्वतःच्या मार्गदर्शनात अशा मिश्रणाला 'फ्रँकनडेबियन' म्हटले आहे आणि त्यापासून दूर राहण्यास सांगितले आहे. प्रत्येक पॅकेज विशिष्ट ग्रंथालयांशी जुळवून बांधलेले असते. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी या मूलभूत ग्रंथालयाची २.३५ ही आवृत्ती आहे, डेबियन ११ मध्ये २.३१. पहिलीवर बांधलेला कार्यक्रम दुसरीवर सुरूच होणार नाही, असे घडू शकते. आरपीएमचे डेब करून देणारी 'एलियन' नावाची आज्ञावली आहे, तिचीही अडचण हीच. ती खोके बदलते. बसवतानाच्या आज्ञावली मुद्दाम सांगितल्याशिवाय सोबत नेत नाही. एखाद्या फॉन्टसाठी ती ठीक.

फ्लॅटपॅकचा मार्ग खरोखर वेगळा आहे. २०१६ पासून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कार्यक्रम आपल्या पायाभूत संचासह येतो आणि त्याचे नाव सर्व जुळण्यांत एकच असते. स्टेलारियमसारखे कार्यक्रम असे घेतले असतील, तर त्यांची यादी खरोखरच उचलून नेता येते. पण पहिल्याच कार्यक्रमासोबत शेकडो एमबींचा पायाभूत संच उतरवावा लागतो. ज्या शाळेत इंटरनेट मुख्याध्यापकांच्या मोबाइलवरून येते, तेथे हे परवडत नाही. छपाईची व्यवस्था किंवा मराठी कळफलक यांसाठी ही पद्धत नाहीच.

शेवटी आम्ही 'एपीटी-मार्क' या आज्ञेने मुद्दाम मागितलेल्या पॅकेजांची यादी काढली. तीही स्वच्छ नव्हती, कारण उबुंटू बसवताना आलेली बरीच नावे तिच्यात होती. ती खोडली आणि प्रत्येक उरलेल्या नावापुढे ते कोणत्या विषयाच्या शिक्षकाला लागते, हे लिहिले. एकवीस नावे उरली. पुढल्या बदलाच्या वेळी नावे चुकली, तरी या टिपणावरून पर्याय शोधता येईल. मराठी टंकनाचे 'आयबस-एम१७एन' त्यात होते, नावही दोन्हीकडे तेच, आणि ते निमूटपणे बसले. मात्र डेस्कटॉप बदलल्यामुळे मराठी कळफलकाची निवड प्रत्येक खात्यात जाऊन पुन्हा करावी लागली. ती निवड पॅकेजांच्या कोणत्याच यादीत नव्हती.