चित्रकथेतील नायकाचे माध्यमांतर

चित्रकथेतील नायक दुसऱ्या माध्यमात गेला, म्हणजे त्याचा वेश टिकला एवढ्यावर आपण समाधान मानतो. वस्तुतः त्याचा स्वभावधर्म टिकला काय, हाच खरा प्रश्न होय.

चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये अवतरला. मोजक्या चौकटींत घरातला एखादा साधा प्रसंग आणि मोठ्यांना निरुत्तर करणारे निरागस बोल, हे त्याचे सामर्थ्य. श्रीरंग गोडबोले यांच्या २०१२ च्या चित्रपटात चिंटू व त्याचे सवंगडी आले खरे. परंतु दीर्घ कथेसाठी प्रतिपक्ष उभारावा लागला, आणि २०१३ च्या दुसऱ्या चित्रपटात तर खजिन्याचा शोध आला. साहस वाढले, साध्या दिवसातील गंमत मात्र मागे पडली.

याउलट २००९ च्या ‘बॅटमॅन : अर्कम असायलम’ या व्हिडिओ गेममध्ये अंधारात दबा धरणे, माग काढणे, बंदुकीस न शिवणे, हे नायकाचे व्रत खेळणाऱ्यासच पाळावे लागते. तेथे स्वभाव हाच खेळाचा नियम झाला आहे.

तेलंगणातील आमच्या बेल्यासारख्या सीमावर्ती गावी मराठी मुलाला असा नायक पुस्तकाआधी पडद्यावरच भेटण्याचा संभव अधिक. म्हणूनच त्याला चिंटूचा केवळ चेहरा नव्हे, तर त्याची बोलीही भेटावयास हवी.