नेत्र-कर्णपरिचर्येची मराठी : काही विचार

परिचर्याशास्त्रावरील मराठी लेखनाचे परीक्षण करू लागले म्हणजे प्रथम दृष्टी जाते ती परिभाषेकडे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि पुढे निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. विद्यार्थ्यास एका संज्ञेचा एकच अर्थ मिळावा, ही सोय त्यांनी केली. हे कार्य मोलाचे आहे, ह्यात शंका नाही. तथापि संज्ञा ही परिचारिका आणि वैद्य ह्यांच्यामधील व्यवहाराची भाषा होय. परिचारिका आणि रुग्ण ह्यांच्यामधील नव्हे. ह्या दुसऱ्या भाषेचा विचार आपल्या पाठ्यलेखनात फारच थोडा आढळतो. नेत्र व कर्णरोगांच्या परिचर्येत ही उणीव विशेष जाचते. इतर रुग्णास न कळलेला शब्द हातवाऱ्यावरून कळतो. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी आहे त्यास तो मार्ग बंद असतो. बहिऱ्यापर्यंत तर मूळ शब्दच पोचत नाही.

'रुग्णाच्या नेत्रांत औषधबिंदू घालण्यात यावेत' ह्या वळणाचे वाक्य विचारार्थ घेऊ. ह्यात कर्ता लोपला आहे आणि रुग्ण तृतीयपुरुषी झाला आहे. प्रत्यक्षात परिचारिकेस बोलावयाचे असते ते असे : 'आजी, मान मागे करा. वर बघा. मी खालची पापणी ओढते आहे. थेंब गार लागेल. आता डोळा हलकेच मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरा.' बाटलीचे टोक डोळ्यास लागू नये, दोन औषधांमध्ये सुमारे पाच मिनिटांचे अंतर असावे, हे घरी गेल्यावर पाळावयाचे नियमही ह्याच भाषेत सांगावे लागतात. कानात घालावयाचे औषध तळहातात धरून कोमट करावे, कारण गार थेंबाने भोवळ येते. मोठ्या माणसाचा कान वर व मागे ओढावा, लहान मुलाचा खाली व मागे. ही कृती पुस्तकात असते. ती करताना उच्चारावयाचे वाक्य मात्र नसते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने दोन बाबी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली दर्शक शब्दांची. 'इकडे', 'तिकडे', 'हे', 'असे' हे शब्द बोट दाखविल्याशिवाय पुरे होत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या रुग्णास 'पाणी इथे ठेवले आहे' ह्या वाक्याने काहीच कळत नाही. 'पाणी उजव्या हाताशी, स्टुलावर आहे' ह्याने कळते. स्पर्शापूर्वी आपले नाव सांगणे आणि निघताना 'मी जाते' असे म्हणणे, हा त्याच तत्त्वाचा विस्तार होय. दुसरी बाब ध्वनींची. 'पाय' आणि 'माय' हे शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. 'सात' आणि 'साठ' ह्यांतील भेद तोंडाच्या आत घडतो, तो पाहणाऱ्यास दिसत नाही. वार्धक्यातील बहिरेपणात स, श, च, त ह्यांसारखे ध्वनी आधी पुसट होतात. ओरडल्याने स्वर तेवढे वाढतात, ओठांचा आकार बिघडतो आणि भेद अधिकच हरपतो. म्हणून उजेडात, समोरासमोर, संथ बोलावे आणि गोळ्यांची संख्या बोटांनी दाखवावी.

रूढ शब्दही तपासून घेतले पाहिजेत. खुपरी, वडस, रांजणवाडी, दडे बसणे हे शब्द नेमके व सुंदर आहेत. त्यांच्या जागी कृत्रिम संज्ञा योजण्याचे कारण नाही. परंतु 'मोतीबिंदू' व 'काचबिंदू' ही जोडी घातक ठरू शकते. दोन्ही शब्दांचा उत्तरार्ध एकच असल्यामुळे रोगही एकाच जातीचे असावेत, असा समज होतो. मोतीबिंदूत शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, औषधाने उरलेली राखावयाची असते. हा भेद न सांगितल्यास 'थेंब घालूनही दिसत नाही' म्हणून रुग्ण औषध सोडतो आणि उरलेले तेजही गमावतो. 'मोतीबिंदू पिकणे' हा प्रयोगही असाच. आता शस्त्रक्रियेसाठी तो पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, पण शब्द मात्र वाट पाहावयास लावतो. 'कान फुटला' म्हटले की घरोघरी कोमट तेल पुढे येते; फुटक्या पडद्याचा कान कोरडाच ठेवावा लागतो.

जळगाव व धुळे येथील रुग्णालयांत ह्या प्रश्नास आणखी एक पदर आहे. ग्रिअर्सन ह्यांनी १९०७ साली आपल्या सर्वेक्षणात खानदेशीची नोंद भिल्ली भाषांसमवेत केली. २०११ च्या जनगणनेत खानदेशीचे भाषक १८ लाखांहून अधिक आहेत. ज्या रुग्णाचा 'डोळा' हा 'डोया' आहे, 'नाही' हे 'नही' आहे आणि 'आहे' हे 'शे' आहे, त्याची तक्रार बाहेरगावाहून आलेल्या परिचारिकेस समजली नाही, तर दोष बोलीचा नव्हे, शिक्षणाचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या पावरा व भिल्ल रुग्णांची अडचण तर ह्याहून मोठी. १९५२ साली बहिणाबाई चौधरी ह्यांची गाणी प्रसिद्ध झाली आणि ह्या प्रदेशाच्या लोकवाणीस साहित्यात मान मिळाला. २०१८ पासून येथील विद्यापीठही त्यांचे नाव मिरवीत आहे. काव्यात ज्या वाणीचे आपण कौतुक करतो, ती रुग्णशय्येपाशी समजून घेण्याची व्यवस्था आपण केलेली नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात आवाज ह्या विषयास एक स्वतंत्र प्रकरण दिले होते. रुग्णाच्या कानावर काय पडते, हा परिचर्येचाच भाग होय, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी प्रत्येक कृतीबरोबर तिची बोलण्याची वाक्ये द्यावीत, आणि खानदेशात ती अहिराणीतही द्यावीत. ती वाक्ये जमवून, प्रत्यक्ष रुग्णांसमोर पारखून देण्याचे काम मात्र वैद्यकावर सोपवून चालणार नाही. ते भाषा-विभागांचे आहे.