बुडालेली गावे आणि दोन कादंबऱ्या

कादंबरी स्वतःपुरती वाचणे हा एक निर्भेळ आनंद होय; परंतु ती दुसऱ्याच्या हाती देऊन 'ही अवश्य वाचा' असे सांगण्यात थोडी जोखीम असते. आपल्या शब्दावर विसंबून ऐकणारा फुरसतीचे चार-आठ दिवस खर्ची घालतो, आणि ते वाया गेले असे त्यास वाटले तर पुढल्या खेपेस तो आपला शब्द मानीत नाही. प्रस्तुत लेखकास कादंबऱ्यांचे व्यसन लहानपणापासून जडलेले असल्याने हा अनुभव त्यास अनेकवार आला आहे. अलीकडे एका स्नेह्यांच्या घरी श्री. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' ही कादंबरी आम्ही मोठ्या आग्रहाने दिली. पंधरा दिवसांनी ती परत आली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुस्तक चांगलेच असेल, पण दहाव्या पानापुढे काही जाता आले नाही. भाषा कळत नाही, आणि सबंध पुस्तकभर ती एक म्हैस!"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सुशिक्षित मराठी वाचकास मराठी पुस्तक कळू नये, हे वैगुण्य पुस्तकाचे की वाचकाचे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. त्यासाठी 'रिंगाण' याच विषयावरील एका जुन्या व प्रसिद्ध कादंबरीच्या शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त होईल. ती कादंबरी म्हणजे श्री. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'.

दोहोंचा विषय धरणामुळे उठलेले गाव हा आहे. महाराष्ट्रास तो नवा नाही. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरीही धरण झाले, गावे बुडाली, आणि त्या पाण्यावर निर्माण झालेल्या विजेने मुंबईत दिवे लागले. पुढे कोयनेचे धरण झाले, आणखी कितीतरी झाली. १९७६ साली पुनर्वसनाचा कायदाही झाला. एवढे घडूनही आपल्या ललित वाङ्मयास या दुःखाची दखल विस्ताराने घेण्यास बराच काळ लागला.

'झाडाझडती' १९९१ साली प्रसिद्ध झाली व १९९२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. स्वतः प्रशासनात काम केलेल्या लेखकाची ही कादंबरी असल्याने अन्यायाचे यंत्र आतून कसे चालते, हे तीत जसे दिसते तसे क्वचितच अन्यत्र दिसेल. मोजणी, मोबदला, पर्यायी जमिनीचे वाटप, दप्तरांत अडकणारे कागद, मधल्या मध्ये हात मारून घेणारे पुढारी व दलाल, हा सारा व्यवहार लेखकाने बारकाव्यानिशी उभा केला आहे. त्यात खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस नियमांवर विश्वास ठेवून झगडत राहतो, आणि त्याचा तो विश्वासच त्याच्या यातनांचे कारण होतो, ही गोष्ट मनास चटका लावून जाते. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. आपत्तीमागून आपत्ती अशी रास रचली गेल्याने काही ठिकाणी पात्रे ही माणसे न राहता खटल्यातील साक्षीदार होतात. वाचक संतापतो खरा, पण संतापाचा एक गुण असा आहे, की तो पुस्तक मिटल्यावर लवकर ओसरतो.

'रिंगाण' ची वाट याहून वेगळी आहे. श्री. खोत हे 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड' व 'धूळमाती' या कादंबऱ्यांमुळे ग्रामजीवनाचे विश्वासू चित्रकार म्हणून ठाऊक होतेच. 'रिंगाण' ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथानक म्हणावे तर ते दोन वाक्यांत संपते. धरणामुळे गाव उठले, तेव्हा एक म्हैस मागे राहिली; देवाप्पा तिला परत आणावयास निघतो. पण रानात राहून म्हैस रानटी झाली आहे, आणि ती धन्यास धनी मानावयास तयार नाही.

एवढ्याशा प्रसंगात लेखकाने जे साधले आहे ते 'झाडाझडती' च्या विस्तारातही नाही. कायद्याच्या हिशेबात घर येते, जमीन येते, झाडेही येतात; परंतु माणूस, जनावर व रान यांच्यामधील जुने नाते कोणत्या रकान्यात लिहावे? गाव सोडून जाणारा माणूस बदलला, तशी मागे राहिलेली म्हैसही बदलली. ज्या भूमीवर देवाप्पा हक्क सांगतो, तीवर आज त्याच्याहून त्या जनावराचाच हक्क अधिक नाही काय? लेखक हा प्रश्न उघडपणे विचारीत नाही. माणूस व म्हैस यांच्या झगड्यातून तो वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो. शेवट येथे सांगणे हा रसभंग होईल.

दोष नाहीत असे नव्हे. तेच झगडे व तेच विचार पुन्हा पुन्हा फिरून येतात, आणि मधल्या भागात वाचकाच्या धीराची परीक्षा होते. भाषेविषयी म्हणाल, तर बोली केवळ संवादांपुरती न ठेवता निवेदनातही मुरवलेली आहे, ही अडचण खरी. परंतु देवाप्पाचे मन पुस्तकी मराठीत सांगितले असते तर ते देवाप्पाचे राहिले नसते, आपले झाले असते. तेव्हा आमच्या मते येथे वैगुण्य असलेच तर ते आपल्या कानांचे आहे. आणि कानांस सवय लावता येते.

म्हणून आमची सूचना अशी, की दोन्ही कादंबऱ्या वाचाव्यात. आधी 'झाडाझडती', म्हणजे काय घडले ते कळेल. मग 'रिंगाण', म्हणजे जे भरून निघत नाही ते कळेल. एकच वाचावयाची असेल तर 'रिंगाण' वाचावी, आणि पहिली वीस पाने मोठ्याने वाचावीत. उपर्युक्त स्नेह्यांकडे आम्ही पुस्तक पुन्हा धाडले, ते हाच उपाय सांगून. त्यांचे वडील मूळचे सातारा जिल्ह्यातील. रात्रीच्या जेवणानंतर ते वाचून दाखवितात आणि अडलेले शब्द उलगडतात असे समजते. ज्या पाण्यावर आपल्या घरातील नळ व दिवे चालतात, त्या पाण्याखाली कोणाचे अंगण गेले, हे जाणण्यासाठी सुशिक्षित कुटुंबाने एवढे श्रम घेणे अधिक होणार नाही.