आधी चिंधी, मग पाना

‘गाडी मिसिंग करायलीय’ ही तक्रार नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत कोणत्याही गॅरेजात ऐकू येते. ती ऐकून एका मिस्त्रीचा हात पान्याकडे जातो, दुसऱ्याचा चिंधीकडे. मला हा दुसरा कलावंत वाटतो. त्याचं काम बंदिशीसारखं लक्ष देऊन, जागा ओळखत अनुभवावं.

तो लगेच काही खोलत नाही. आधी मालकाला बोलू देतो, मग इंजिन चालू करून ऐकतो. सिग्नलला थरथरते, एसी लावला की बंद पडू बघते, लोह्याच्या रस्त्याला मात्र एकसारखी पळते, एवढ्यात त्याचं अर्धं निदान झालेलं असतं. प्लग किंवा कॉइल कमजोर असती तर झटके बहुधा जोर लावताना, चढावर आले असते. थरथर फक्त उभ्या गाडीत आहे, म्हणजे पहिला संशय हवेच्या वाटेवर, थ्रॉटल बॉडीवर.

पाय उचलला की थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते, कडेला बारीक फट उरते. मिनिटाला साधारण 800 फेऱ्यांचं आयडलिंग तेवढ्या हवेवर चालतं. काही गाड्यांत त्यासाठी आयडल व्हॉल्व्हची वेगळी वाट असते, ती आणखी अरुंद. नेमका तिथेच काळा चिकटा बसतो. वेगात चकती उघडी असते म्हणून तो जाणवत नाही. गाडी उभी राहिली की तोच इंजिनाचा गळा आवळतो.

आपल्याकडे सगळा दोष धुळीवर जातो. सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा एअर फिल्टर लवकर तुंबतो, हे खरंच. पण थ्रॉटलवरचं काजळ मुख्यतः इंजिनाच्या पोटातलं. पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेले वायू तेलाची वाफ सोबत घेऊन ब्रीदरच्या नळीतून आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून पुन्हा हवेच्या वाटेत येतात. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. तिथल्या गर्दीत रोज एक-दोन किलोमीटर रांगून बंद होणारं इंजिन धड तापतही नाही, आणि चिकटा वाढत जातो. म्हणून जाणता मिस्त्री थ्रॉटल पुसून थांबत नाही. पीसीव्ही काढून कानाशी हलवतो. खुळखुळला तर मोकळा, मुका राहिला तर अडकलेला. सगळ्या कामात मला हीच जागा सर्वांत प्रिय आहे. दोन बोटांत मावणारा भाग, मालकाने त्याचं नावही ऐकलेलं नसतं, आणि तिथे हा माणूस कान लावतो!

हाताची नजाकतही बघावी. स्प्रे तो चिंधीवर मारतो आणि कड पुसतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती बोटाने रेटत नाही, आतले दाते तुटतात. हवा मोजणारा तारेचा सेन्सर असेल तर त्याला चिंधीही लावत नाही, त्याचा वेगळा स्प्रे लांबून मारून वाळू देतो. ती तार तापलेली असते, वाहती हवा तिला गार करते, आणि तिची ऊब टिकवायला लागणाऱ्या करंटवरून संगणक हवा मोजतो. तारेवर मळ बसला की हवा कमी भासते, पेट्रोल कमी सुटतं, पिकअप घेताना गाडी अडखळते. शेवटी बॅटरीची अर्थिंगची वायर सोडवून टोक पॉलिश पेपरने घासतो. तिथे गंज असेल तर चांगले सेन्सरही चुकीचं सांगतात.

खरी परीक्षा साफसफाईनंतर. काही गाड्यांत आयडलिंग उलट चढतं, कारण संगणकाने तुंबलेल्या फटीचा हिशेब धरलेला असतो. कच्चा मिस्त्री इथे ‘थ्रॉटल बॉडी बदला’ म्हणतो. पक्का म्हणतो, ‘काका, बसा जरा, शिकू द्या तिला.’ रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवतो, एसी लावून पाहतो, गरज पडली तर स्कॅनर जोडून जुना हिशेब पुसतो. एवढं करूनही थरथर राहिली, तर मग तो कॉम्प्रेशन गेज काढतो.